मैफल दोन तासांची, मानधन पूर्ण दिवसाचे

एकट्याने कार्यक्रम करणाऱ्या गायक-वादकांनी मानधनाविषयीच्या आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: वाजवता येते, गाता येते, पण आकडा सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. ठिकाणागणिक दर बदलतात, म्हणून उदाहरणांत कोणतेही चलन न घेता नुसते प्रमाण दाखवले आहे. आपापल्या हिशेबाचे आकडे त्या जागी घालून पाहावेत.

प्रश्न : मी गिटार वाजवून एकटाच गातो. गेली दोन वर्षे हाच माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. प्रत्येक आयोजकाला माझ्या तोंडून वेगळा आकडा जातो आणि नंतर चुटपुट लागून राहते. “दोन तासांचे तर काम, त्यात तुम्ही एकटेच,” असे कोणी म्हणाले की मला उत्तर सुचत नाही. मानधन नेमके कशावरून ठरवावे?

उत्तर : आयोजकाच्या त्या एका वाक्यात दोन गैरसमज दडलेले आहेत. आधी तासांचा पाहू. रात्री ८ वाजताचा कार्यक्रम धरा. आपण दुपारी १ वाजता गिटारच्या तारा बदलायला बसता, नव्या तारा ताणून सूर स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा जुळवता, केबली तपासता, बॅटरी चार्ज झाली आहे ना ते पाहता आणि ३ वाजता घर सोडता. साडेचारला पोहोचता. साउंड चेक ५ वाजता ठरलेला असतो, पण तेव्हा व्यासपीठावर कोणीतरी शिडी लावून सजावट करत असतो, त्यामुळे तो ६ वाजता होतो. ८ चा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो. पाऊण पाऊण तासाचे दोन भाग आणि मधली २० मिनिटांची विश्रांती धरून १० वाजून २० मिनिटांनी संपतो. सामान आवरून निघायला ११ वाजतात आणि आपण साडेबाराला घरी परतता. साडेअकरा तासांच्या या दिवसात प्रत्यक्ष गाणे दीड तासाचे झाले. फर्माइशीची दोन नवी गाणी बसवायला आदल्या आठवड्यात गेलेली संध्याकाळ यात अजून धरलेलीच नाही. शिवाय त्या तारखेला दुसरे कोणतेही काम आपल्याला घेता आले नाही. म्हणून आयोजकाला आपण विकतो ती तारीख असते, हे आधी स्वतःच्या मनात पक्के करावे. ते पक्के झाले की तासांचा वाद आपोआप मागे पडतो.

दुसरा गैरसमज “एकटेच” या शब्दात आहे. आख्खा कार्यक्रम एकाच माणसाने पेलायचा, ही रीत तशी जुनी नाही. फ्रान्झ लिस्टने १८४० साली लंडनमध्ये एकट्याच्या पियानोवादनाचे कार्यक्रम जाहीर केले, त्याआधी नामांकित वादकांच्या जलशातही बहुधा इतर गायक-वादक हजेरी लावत आणि मुख्य कलाकाराला तेवढी उसंत मिळे. आपल्याला ती मिळत नाही. बँडमध्ये गायकाचा घसा बसला तर वादक एखादे गाणे वाढवून वेळ निभावून नेतात, प्रवासाचा खर्च चौघांत वाटला जातो, ध्वनियंत्रणा कोणीतरी एक सांभाळतो. एकटा कलाकार गातो, वाजवतो, दोन गाण्यांच्या मधे बोलतो, मॉनिटरची, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर ठेवलेल्या स्पीकरची, शिटी वाजली तर ती बंद करतो आणि शेवटी स्पीकरही स्वतःच गाडीपर्यंत वाहून नेतो. चौघांच्या बँडचा दर भागिले चार, हा हिशेब म्हणूनच त्याला लागू पडत नाही.

आता आकड्याकडे वळू. सर्वांत आधी ठरवायचा तो तळाचा आकडा, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यास घरी बसलेले बरे. आपला महिन्याचा घरखर्च १०० धरा. त्यावर व्यवसायाचा खर्च येतो: तारा, वाद्याची दुरुस्ती, माइक आणि स्पीकरची झीज, वाद्याचा विमा, फोन, ध्वनिमुद्रण, कर. तो ३० धरू. आजारपण, मंदीचे महिने आणि म्हातारपण यांसाठी आणखी २० बाजूला काढले, तर महिन्याला १५० हवेत. यांपैकी निम्मे आपल्याला शिकवण्यांतून मिळत असतील, तर उरलेले ७५ कार्यक्रमांतून यायला हवेत. वर्षाचे झाले ९००. वर्षात शुक्रवार आणि शनिवार मिळून १०४ संध्याकाळी येतात, पण त्या साऱ्या भरतील असे कोणी समजू नये. गेल्या वर्षीची डायरी उघडा आणि पैसे मिळालेले कार्यक्रम मोजा. ते ४५ भरले, तर ९०० भागिले ४५, म्हणजे एका तारखेमागे २० पदरात पडले पाहिजेत. महिन्याच्या घरखर्चाचा पाचवा हिस्सा झाला हा. प्रवासखर्च यात धरलेला नाही, तो वेगळा घ्यायचा. बऱ्याच जणांना हा आकडा पहिल्यांदा कागदावर दिसतो तेव्हा आजवर आपण स्वतःच्या खिशातून आयोजकाचे कार्यक्रम साजरे करत होतो, हे ध्यानात येते.

तळाचा आकडा म्हणजे मात्र आपला दर नव्हे. दर त्याच्या वर असतो, आणि किती वर, ते तीन-चार गोष्टींवरून ठरते. आपल्या तोडीचे, तशाच प्रकारचे कार्यक्रम करणारे इतर कलाकार काय घेतात, हे त्यांनाच सरळ विचारावे. संगीतक्षेत्रात हा विषय उगाचच लाजेचा करून ठेवला आहे आणि त्याचा फायदा फक्त घासाघीस करणाऱ्यांना होतो. उपाहारगृहात दर आठवड्याला एका कोपऱ्यात बसून वाजवणे, खासगी समारंभ, कंपनीचा स्नेहमेळावा आणि तिकीट लावून केलेली मैफल ही चार वेगळी कामे आहेत. पहिल्यात दर कमी, पण वर्षभराची खात्री असते. कंपनीच्या कार्यक्रमात आपल्या मागे पडद्यावर त्यांचे बोधचिन्ह झळकत असते आणि चित्रीकरण पुढे जाहिरातीत वापरले जाण्याचा संभव असतो. त्या वापराचे पैसे वेगळे मागावेत. ज्या तारखांना सगळ्यांनाच एकाच वेळी कलाकार हवा असतो, त्या तारखांचा दर वाढीव असण्यात काहीही गैर नाही.

प्रश्न : मी बासरी वाजवते. फोनवर “तुमचे किती होतात?” असे एकदम विचारले की मी घाबरून कमी आकडा सांगून मोकळी होते. संकोच कसा घालवावा?

उत्तर : संकोच घालवण्याच्या खटपटीत पडू नका. पहिल्या फोनवर आकडाच सांगायचा नाही, एवढा नियम करा. त्याऐवजी आपण प्रश्न विचारावेत: तारीख कोणती, जागा उघड्यावर की बंदिस्त, श्रोते किती, वाजवायचे किती वेळ, ध्वनिव्यवस्था कोणाची, आणि आपले वादन हाच मुख्य कार्यक्रम आहे की लोक जेवत-बोलत असताना मागे चालणारे संगीत हवे आहे. हे सारे लिहून घ्या आणि “तपशील पाहून संध्याकाळपर्यंत लेखी कळवते” असे सांगून फोन ठेवा. कागदावर लिहिलेला आकडा घाबरत नाही.

कळवताना मानधन, प्रवास व मुक्काम आणि ध्वनिव्यवस्था या रकमा वेगवेगळ्या लिहाव्यात. एकच गोळाबेरीज दिली, तर समोरच्याला ती सगळी आपल्या बासरीची किंमत वाटते. “१५ ते २० च्या दरम्यान” असे तर कधीच लिहू नये, कारण ऐकणाऱ्याच्या कानात फक्त १५ शिरतात. आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसावे. पलीकडून दोन सेकंद आवाज आला नाही की आपणच घाईने “पण जमवून घेऊ हो” असे म्हणतो, आणि घासाघीस समोरच्याने सुरू करायच्या आत आपणच ती हरलेली असते.

आयोजकाकडे खरोखरच पैसे कमी असतील, तर रक्कम कमी करताना कामही कमी करावे. दोन भागांऐवजी एकच भाग, नवीन फर्माइशी नाहीत, ध्वनिव्यवस्था त्यांची, किंवा शनिवारऐवजी मंगळवार. काम तेवढेच ठेवून नुसते पैसे उतरवले, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या वेळी तोच आयोजक आणखी खाली खेचतो.

प्रश्न : ८० खुर्च्यांच्या एका छोट्या सभागृहाने मला दोन पर्याय दिले आहेत. खर्च वजा जाता उरलेल्या तिकीटविक्रीचा ७० टक्के वाटा, किंवा एकूण विक्रीचा सरळ ४० टक्के वाटा. मी एकल व्हायोलिनवादक आहे. ७० टक्के अर्थातच चांगले ना?

उत्तर : यातला “अर्थातच” तपासून पाहावा लागेल. टक्केवारी मोठी दिसते तेव्हा ती कशाची टक्केवारी आहे, हा पहिला प्रश्न. तिकीट १० चे धरा आणि सभागृह भाडे, ध्वनिवाला, छपाई आणि दारावरचा माणूस मिळून २५० खर्च लावते असे समजा. निम्मे सभागृह भरले, म्हणजे ४० तिकिटे खपली, तर विक्री ४००. खर्च वजा जाता १५० उरतात आणि त्यांचे ७० टक्के म्हणजे १०५ आपल्याला मिळतात. त्याच रात्री दुसऱ्या पर्यायात ४०० चे ४० टक्के, म्हणजे १६० मिळाले असते. सभागृह पूर्ण भरले, तर चित्र उलटते: पहिल्यात ३८५, दुसऱ्यात ३२०. या आकड्यांनुसार ५८ तिकिटांपर्यंत दुसरा पर्याय सरस आहे आणि ५९ व्या तिकिटापासून पहिला. आपली याआधीची मैफल त्याच भागात किती जणांनी ऐकली, हे आठवून उत्तर आपणच द्यायचे आहे. २५ पेक्षा कमी तिकिटे गेली, तर पहिल्या पर्यायात आपल्याला शून्य मिळते, हेही विसरू नये.

माझा कल तिसऱ्याच मागणीकडे आहे. ठरावीक हमी रक्कम किंवा विक्रीचा वाटा, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे, असे सभागृहाला सुचवून पाहा. हमी आपल्या तळाच्या आकड्याइतकी असली, तर जागा रिकामी राहिली तरी दिवस वाया जात नाही आणि गर्दी झाली तर तिच्यात आपलाही वाटा राहतो. टक्केवारीच घ्यायची असेल, तर खर्चाची यादी आणि तिची कमाल मर्यादा आधी लेखी घ्यावी. “किरकोळ” नावाची ओळ त्या यादीत असू देऊ नये. फुकट पासांची संख्या ठरवावी, विकल्या गेलेल्या तिकिटांचा हिशेब त्याच रात्री पाहावा आणि इतरांच्या रचना वाजवणार असाल, तर जाहीर सादरीकरणाचा परवाना कोण काढणार आणि त्याचे शुल्क कोणाच्या खर्चात जाणार, हेही विचारावे. बहुतेक ठिकाणी तो जागेने किंवा आयोजकाने काढायचा असतो, पण न विचारल्यास त्याची रक्कम गुपचूप कलाकाराच्या वाट्यातून वळती होऊ शकते.

प्रश्न : एका आयोजकाने कार्यक्रमाच्या चार दिवस आधी फोन करून कार्यक्रम रद्द झाल्याचे कळवले. त्या तारखेसाठी मी दुसरे काम नाकारले होते. ॲडव्हान्स घेतलेला नव्हता. आता काही करता येईल का?

उत्तर : या वेळेपुरते फारसे काही हाती लागेल असे वाटत नाही. आयोजकाला सभ्य भाषेत पत्र लिहून नाकारलेल्या कामाची रक्कम कळवावी आणि निदान तिचा काही भाग द्यावा अशी विनंती करावी. शरमेपोटी काही जण देतातही. पुढच्या वेळेसाठी मात्र व्यवस्था करता येते, आणि ती तारीख पक्की करतानाच करावी लागते.

ॲडव्हान्स जमा होईपर्यंत तारीख पक्की नाही, हे कळवायला अवघडल्यासारखे वाटत असेल, तर ते वाक्य कोटेशनच्या तळाशी छापूनच टाकावे. पाव ते निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत रूढ आहे. त्याखाली रद्द करण्याच्या अटी लिहाव्यात. उदाहरणार्थ, ३० दिवस आधी रद्द केल्यास फक्त ॲडव्हान्स आपल्याकडे राहील, त्यानंतर १४ दिवस आधीपर्यंत निम्मे मानधन द्यावे लागेल, आणि त्याहूनही उशिरा रद्द केल्यास पूर्ण. त्याच तारखेला आपल्याला दुसरे काम मिळाले, तर तेवढी रक्कम सोडून द्यावी, म्हणजे अट सूडाची वाटत नाही. पाऊस, वीज जाणे, सरकारी मनाई यांसारख्या कोणाच्याच हातात नसलेल्या कारणांसाठी वेगळे कलम ठेवावे. कलाकार जागेवर पोहोचला असेल, तर अशा प्रसंगीही निदान प्रवासखर्च आणि ॲडव्हान्स त्याचाच राहावा. आपण स्वतः आजारी पडलो तर ॲडव्हान्स तात्काळ परत करायचा आणि शक्य तर बदली कलाकार सुचवायचा, हेही त्याच कागदावर असावे, कारण एकतर्फी अटींवर कोणी मनापासून सही करत नाही. वकिलाकडून पाच पानी करार करून घ्यायची गरज नसते. हे मुद्दे ईमेलने पाठवून “मान्य आहे” असे उत्तर घेतले, तरी पुढच्या पुष्कळ भानगडी टळतात.

उरलेली रक्कम केव्हा घ्यायची, याविषयी माझे मत अनुभवाने कडवट झालेले आहे. काही वर्षांपूर्वी एका समारंभात मी वाजवले, शेवटी टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ मिळाला आणि वाद्य पेटीत ठेवून मी पैशांसाठी पाहिले, तर हिशेब पाहणारे गृहस्थ निघून गेले होते. “उद्या बघू” असे तिथे उरलेल्यांनी सांगितले. तो उद्या अडीच महिन्यांनी उगवला, तोही मी अकरा वेळा फोन केल्यावर, आणि त्यातून पुष्पगुच्छाचा खर्च कापला होता की काय अशी शंका यावी इतकी रक्कम कमी होती. तेव्हापासून उरलेली रक्कम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी खात्यात, किंवा रोख असल्यास साउंड चेकनंतर आणि पहिल्या सुराच्या आधी, असे मी लिहून देतो. यामुळे आजवर एकाही सरळ आयोजकाने काम काढून घेतलेले नाही. कार्यक्रम ठरल्यापेक्षा लांबला तर प्रत्येक अर्ध्या तासाचा जादा दर काय, हेही आधीच लिहावे. रात्री ११ वाजता “अजून दोन गाणी होऊ द्या” म्हणणाऱ्या यजमानांशी तेव्हा हुज्जत घालावी लागत नाही.

प्रश्न : “पैसे देता येणार नाहीत, पण तुमची प्रसिद्धी होईल,” या निमंत्रणाला काय उत्तर द्यावे?

उत्तर : मांडववाला, ध्वनिवाला, छायाचित्रकार आणि जेवण करणारे हेही प्रसिद्धीवरच काम करत आहेत का, असे विचारावे. सगळेच विनामोबदला राबत असतील आणि काम आपल्याला मनापासून पटत असेल, तर खुशाल वाजवावे. त्या वेळीसुद्धा पूर्ण रकमेचे बिल पाठवून त्यात शंभर टक्के सूट दाखवावी, म्हणजे आपला खरा दर काय हे त्यांनाही कळते आणि त्यांच्याकडून ऐकणाऱ्यांनाही. इतर सगळ्यांना पैसे मिळून फक्त कलाकार तेवढा वगळलेला असेल, तर नम्रपणे नकार द्यावा.

प्रश्न : गेली पाच वर्षे माझा दर तोच आहे. वाढवला तर जुने आयोजक तुटतील अशी भीती वाटते. केव्हा आणि किती वाढवावा?

उत्तर : दर तोच आहे असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तो घटत आलेला आहे. दरवर्षी ६ टक्के भाववाढ धरली, तर पाच वर्षांपूर्वीच्या १०० मध्ये आज जवळपास ७५ चीच खरेदी होते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली या दुखण्याचे मूळ दाखवून दिले: कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच वेळात अधिक माल निघतो आणि पगार वाढवायला जागा मिळते, पण अर्ध्या तासाची रचना वाजवायला आजही अर्धा तासच लागतो. जलद वाजवून उत्पादन वाढवण्याची सोय वादकाला नाही. त्यामुळे इतरांचे उत्पन्न वाढत असताना त्याला मागे पडायचे नसेल, तर दर वाढवणे एवढीच वाट उरते, आणि याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नाही.

किती वाढवावा याचा अंदाज डायरीतून येतो. आलेल्या दहा विचारणांपैकी नऊ जण आकडा ऐकून लगेच हो म्हणत असतील, तर दर नक्कीच कमी आहे. दहापैकी दोघेच होकार देत असतील, तर अडचण दराची आहे की विचारणाच चुकीच्या ठिकाणांहून येत आहेत, हे आधी पाहावे. एकदम दुप्पट मात्र करू नये. पागानिनीसारख्या व्हायोलिनवादकाने १८३१ साली लंडनमध्ये तिकिटांचे दर दुप्पट लावले, तेव्हा वर्तमानपत्रांनी इतका गहजब केला की त्याला नेहमीच्या दरांवर यावे लागले. आपली पाच वर्षांची राहून गेलेली वाढ दोन किंवा तीन टप्प्यांत घ्यावी आणि नव्या आयोजकांना आजपासूनच नवा दर सांगावा, कारण त्यांना जुना माहीत नसतो.

जुन्या आयोजकांना निदान तीन महिने आधी लेखी कळवावे. पत्र चार ओळींचे असावे आणि त्यात महागाईची कैफियत नको. अमुक तारखेपासून दर अमुक राहील, त्याआधी ठरलेल्या तारखांना जुनाच दर लागू असेल, एवढे पुरे. पुढच्या हंगामाच्या तारखा जुन्या दराने आत्ताच पक्क्या करायच्या असल्यास त्यांना महिनाभराची मुदत द्यावी, आणि ॲडव्हान्सची अट त्यांच्यासाठीही तीच ठेवावी.